पलीकडून धरणारा

टायटॅनिक बुडालं म्हणून डेस्मंडची चूल पेटत होती. ते जहाज जिथं बांधलं, त्या बेलफास्टच्या जुन्या गोदीत पर्यटकांना फिरवून झालं, की शेवटी तो उभ्या पोलादी पत्र्यातल्या जाड खिळ्यावर हातोडा हाणायचा. जहाज बांधताना असा खिळा पलीकडून एक कामगार रेटून धरायचा; आता तो धरणारा नसल्यामुळे खिळा पलीकडं निसटून पडायचा. लोक हसायचे.

आज खिळा पडला नाही.

"म्हातारा झालास, डॅडी!" त्याची मुलगी रूथ पत्र्यामागं गेली. "इथं तर कुणीच नाही. थांब, धरणारा म्हणून मीच हात लावते."

तिनं तळवा टेकवताच घाव सुरू झाले. पत्र्याखालून रक्त ओघळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिकिटाचे पैसे वसूल झाले होते.

"डॅडी, नको मारूस! हात सुटत नाहीये!"

डेस्मंडनं हातोडा केव्हाच फेकून दिला होता. घाव थांबत नव्हते.