साहेबांच्या टेबलावरची पैदास

सुंदराबाईने बरणी वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांच्या टेबलावर आपटली. बशीतला चहा उडून फायलीवर पडला.

"हे काय?"

"डासांची पोरं. आमच्या गटारातली. घ्या मोजून."

काचेच्या बरणीत शंभरेक अळ्या वळवळत होत्या. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, मग काढला. "वास तर येत नाही. पाणीपण स्वच्छ दिसतंय."

"गाळून आणलंय. तुमच्या केबिनला वास लागायला नको."

केबिन नवीकोरी होती. सनमायकाचं टेबल, काचेचा दरवाजा आणि अख्ख्या भिंतीवर धबधब्याचा वॉलपेपर. हे सगळं गटारांसाठी मंजूर झालेल्या पैशांतून आलं, हे शिपायापासून समोरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. लाज कुणालाच नव्हती. तो धबधबाच काय तो खाली मान घालून वाहत होता.

सुंदराबाईची खोली अंधेरी पूर्वेला, खैराच्या वाडीत. नवऱ्याने गिरणीच्या फंडातून घेतलेली. घरपट्टी दरवर्षी वेळेवर. त्यात गटाराचा कर वेगळा. गटार मात्र उघडं. मागच्या जूनला ते घरात शिरलं, तेव्हा दोघं माळ्यावर चढून बसली होती. या वर्षी नवरा सहदेव आधीच त्या गटारात पडून पाय मोडून बसला होता. पावसाळ्याला पंधरा दिवस उरलेले. प्लास्टरचा पाय घेऊन माणूस माळ्यावर चढणार कसा?

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "हे बघा बाई. खैराची वाडी. गटार दर मंगळवारी साफ. वर लाद्या बसवल्या. कागदावर सगळं ओके आहे."

"मग माझा नवरा काय कागदावरून पडला?"

दाराशी उभी असलेली शेजारीण कुंदा फिस्सकन हसली. साहेबांनी शिपायाला बोलवायला घंटी दाबली. शिपाई आला नाही. आले मलेरियाचे इन्स्पेक्टर जयवंतराव. हातात टॉर्च, खिशात अळ्या काढायची पळी. आले होते कसल्याशा सहीसाठी. पण हा माणूस लग्नाच्या मांडवातसुद्धा फुलदाणीत टॉर्च मारून बघणारा. त्यात महिनाअखेर. डासांच्या पैदाशीच्या तीस नोटिसा काढायच्या होत्या, एकोणतीस झाल्या होत्या.

त्यांची नजर बरणीवर पडली. टॉर्च मारला. चेहरा उजळला.

"पैदास!" त्यांनी नोटिसांचं पॅड काढलं. "साहेब, पूर्ण नाव सांगा."

"अहो, ही बरणी या बाईंची आहे!"

"भांडं कुणाचं ते आम्ही बघत नाही. जागा कुणाची ते बघतो."

"मी या वॉर्डाचा साहेब आहे, जयवंतराव!"

"काल मी सासऱ्यांना नोटीस दिली. मनीप्लांटच्या बाटलीवर. सासूबाई जेवायलापण वाढेनात. म्हणून ती मागे घेतली का मी? नाव सांगा. कोर्टात हजर व्हावं लागेल."

कोर्टाचं नाव निघताच साहेबांचा आवाज खाली आला. "जुलैत प्रमोशन आहे हो माझं. काहीतरी वाट काढा ना."

जयवंतरावांनी पेनच्या टोपणाने कान खाजवला. "एकच आहे. अळ्या बाहेरच्या आहेत असं लेखी द्या. कुठल्या ते लिहा, खाली सही करा. मग नोटीस त्या जागेच्या नावावर."

साहेबांनी लगेच पेन उघडलं. आयुष्यात एवढ्या घाईने त्यांनी कुठलं सरकारी काम केलं नव्हतं. "सदर अळ्या खैराची वाडी येथील गटारातील..."

"उघड्या गटारातील," सुंदराबाई म्हणाली.

साहेबांनी वर बघितलं.

"लाद्या असत्या तर मी काढल्या कशा? कोर्ट विचारेल. आणि साफ केलेलं नाही, तेपण लिहा. दर मंगळवारी साफ होणाऱ्या गटारात अळ्या कशा होतील?"

"बाईंचा मुद्दा बरोबर आहे," जयवंतराव म्हणाले.

साहेबांनी लिहिलं. सही केली. शिक्का मारला. जयवंतरावांनी कागद वाचला आणि तिसावी नोटीस पॅडवरून फाडून साहेबांच्याच हातात ठेवली. "गटार तुमच्याच खात्याचं. तीन दिवसांत साफ करा, लाद्या घाला. नाहीतर तुमची ही सही घेऊन मी वर जातो."

नोटिशीची कार्बन कॉपी सुंदराबाईने चौघडी करून ब्लाउजात खोचली. बरणी तिथेच सोडली.

तिसऱ्या दिवशी वाडीत ट्रक आला. बारा माणसं, फावडी, लाद्यांची चळत. काळाकुट्ट, तेलकट गाळ ढिगाने वर निघत होता. सहदेव दारात खुर्ची टाकून प्लास्टरचा पाय पसरून बसला होता आणि गाळ काढणाऱ्यांना जणू त्यानेच हुकूम सोडल्यासारखं "नीट काढा रे" म्हणत होता.

कुंदा गाळाकडे निरखून बघत होती. "गो काकी, मी रोज हयसून जातंय. माका एक अळी कधी दिसाक नाय. तुका एवढी बरणीभर खंय गावली?"

सुंदराबाईने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"माझ्या पिंपात आठ दिवस पाळलंय. साकीनाक्याच्या वर्कशॉपांचा सगळा ॲसिड हयसून व्हावता. ह्या गटारात डास तरी जगतलो काय गो?"