रजेचं कारण

शेतात हळद शिजायला लागली की पोरं कामाला जायची अन् नववीचा वर्ग ओस पडायचा, म्हणून भीमराज सरांनी दंडकच घालून दिला: रजेचा अर्ज इंग्रजीत, अन् चूक एकही नको. 'आय हॅव टू अटेंड माय सिस्टर्स मॅरेज' हे वाक्य तर त्यांनी साऱ्या वर्गाकडून घोकून घेतलं होतं.

आज राणीनं अर्ज पुढं केला. फाटकाशी तिचा सिद्धेश्वर गावचा मामा गाडी चालूच ठेवून उभा होता. बाकी सगळं बराबर, पण नेमका 'सिस्टर्स' शब्दच गाळलेला. नुसतंच 'माय मॅरेज'! सरांनी लाल पेनानं तिथं गोल केला.

"इतकं घोकून घेतलं तरी चुकलीसच? बहिणीचं लग्न लिही, मग जा."

राणी जागची हलली नाही.



"मला बहीण न्हाई, सर."