धारेचं दूध

कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या जिवाचा व्हिडिओ तेजस्वी मोठ्या हौसेनं घरच्यांना दाखवत होती.

“मालवणच्या समुद्रातला हाय. सगळा जीव एकाच पेशीचा. शैवाल खातोय, पण त्यातलं हिरवं तेवढं पचवत न्हाय, पोटात जितंच ठेवतोय. मग ते हिरवं उन्हावर अन्न बनवतंय आणि ह्यो बसून खातोय!”

तिच्या भावानं, राजवीरनं, हळूच विचारलं, “किती दिस टिकतंय गं ते?”

“दुसऱ्याचं की ते, दादा. थोड्या दिसांत निकामी होतंय. मग ह्यो नवं शैवाल गाठतोय.”

बोलून गेली आणि तिनं मोबाइल पालथा ठेवला. थोरल्या बहिणीनं, आक्कानं, आपली एक किडनी राजवीरला दिली त्याला चार वर्षं झाली होती. आज सकाळी त्याला दवाखान्यात दाखवून आल्यापासून आई-आबा कुणाशी धड बोलले नव्हते.

तेवढ्यात आबा, गिऱ्हाइकापुढंच म्हशीची धार काढून देतात त्या दूधकट्ट्यावरनं किटली घेऊन आले. आईनं म्हशीच्या धारेचं दूध फेसासकट पेल्यात ओतलं आणि पेला तेजस्वीपुढं ठेवला.

“मला?”

“पी गं माझ्या बाळा. अंगात ताकद पायजे.” आईनं मान काही वर केली नाही.

धारेचं दूध या घरात याआधी एकदाच आलं होतं. रोज, महिनाभर. ऑपरेशनच्या आधी, आक्कासाठी.