सांस्कृतिक भवनाचा गृहप्रवेश

दानेश्वरी अंघोळ करून बाहेर आली, तेव्हा अव्वा, म्हणजे तिची आई गुरम्मा, लेकीच्या सांस्कृतिक भवनाची पूजा करत होती.

भवन पलंगावर होतं. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, पांढऱ्या सनबोर्डच्या हलक्या पुठ्ठ्याचं. अंघोळीला जाईपर्यंत ते पांढरंच होतं. आता त्याच्या एकेका दाराच्या चौकटीला हळदीकुंकवाचं बोट लागलं होतं. वाचनालयाला लागलं होतं, कलादालनाला लागलं होतं, पुरुषांच्या स्वच्छतागृहालाही लागलं होतं. छतावर विभूतीच्या तीन रेघा होत्या. नारळ तेवढा अव्वानं शहाणपणानं बाहेर पायरीवर फोडला होता.

मॉडेल पांढरंशुभ्र हवं, रंगाचा ठिपका दिसला तर मी ओळख दाखवणार नाही, असं गाइड मॅडमनी बजावलं होतं. ज्यूरी, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, दहा वाजता होती. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता.

"अव्वा, हे घर नाहीय गं. कॉलेजचं काम आहे."

"माणसं येणार हायेत न्हवं त्यात?" गुरम्मा निरांजन ओवाळत म्हणाली. "मग?"

या 'मग'चं उत्तर आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत कुणी शिकवलेलं नव्हतं. दानेश्वरीनं ओल्या बोळ्यानं पुसून पाहिलं. वाचनालय लाजल्यासारखं गुलाबी झालं. तिनं बोळा टाकून दिला.

खरं तर पाच नव्हे, सहा वर्षं. गेल्या साली तिनं शेवटच्या प्रकल्पाला संग्रहालय केलं होतं आणि ते नापास झालं होतं. या खेपेला सुटली नाही, तर मंद्रूपच्या मामांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलाची सिमेंटची एजन्सी होती. मामांच्या मते तेही बांधकामच. पास झालीस तर पुण्याच्या नोकरीला जा, नाहीतर मामा म्हणतात तसं, असा घरात तोडगा निघाला होता. तो मामांनीच काढला होता.

मॉडेल एकटीला उचलवत नव्हतं, म्हणून एक बाजू धरून गुरम्माही कॉलेजात आली. तिनं प्रसादाचा डबा सोबत घेतला होता. तो दारातल्या शिपायापासून वाटायला सुरुवात झाली.

परीक्षक वीरभद्रप्पा सर होते. मूळचे इथलेच. तीस वर्षं सरकारी इमारतींची कामं करून निवृत्त झालेले आणि आता पुण्यात स्थायिक. तिच्या वर्गातल्या आदिनाथचं काचेच्या छताचं नाट्यगृह त्यांनी नुकतंच पाहिलं होतं. सोलापुरात मे महिन्यात या छताखाली प्रेक्षक बसवणार की पापड वाळवणार, एवढंच त्यांनी विचारलं.  आदिनाथ आता कोपऱ्यात पाणी पीत होता.

दानेश्वरीचं मॉडेल टेबलावर आलं. गाइड मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर बघण्यासारखं फक्त स्कूटर स्टँड होतं.

सर वाकले. कुंकू दिसलं, विभूती दिसली. पूजा कुणी केली, असं त्यांनी विचारलं. दानेश्वरीनं बारीक आवाजात आईचं नाव सांगितलं. सर नुसते हुं म्हणाले. मग वास्तुशांतीला आलेला पाहुणा फिरतो तसे ते मॉडेलभोवती फिरू लागले. वाचनालयात हवा चांगली येईल, म्हणाले. पायऱ्या बेताच्या आहेत, म्हणाले. जिथं कुंकू तिथं पेन्सिलीचं टोक टेकवत ते पुढं सरकत होते. दानेश्वरीच्या जिवात जीव येत होता.

मुख्य सभागृहापाशी पेन्सिल थांबली. सरांनी सभागृहाला एक फेरी मारली. दुसरी मारली.

"सगळीकडं कुंकू आहे," ते म्हणाले. "इथं का नाही?"

दानेश्वरीनं पाहिलं आणि तिला ते दिसलं. दोन दिवसांपूर्वी मॅडम म्हणाल्या होत्या की सभागृहाची दर्शनी भिंत तुटक वाटते. म्हणून तिनं ती काढून नवी भिंत कापली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, किल्ल्याच्या तटासारखी. दार जुन्या भिंतीत होतं. जुनी भिंत कचऱ्याच्या गाडीत गेली होती. आता सभागृहात सहाशे खुर्च्या होत्या आणि आत जायला वाट नव्हती. टेबलामागच्या भिंतीवर तिनंच लावलेल्या शीटवर ठळक अक्षरात छापलेलं होतं : सर्वांसाठी खुली वास्तू.

 तिनं पाठ केलेल्या बारा मिनिटांच्या सादरीकरणातलं एकही वाक्य इथं लागू पडत नव्हतं.

सर खोलीच्या दाराकडं वळले. गुरम्मा तिथं रिकामा डबा घेऊन उभी होती.

"अक्का, इथं कुंकू लावायचं राहिलं का?"

"राहिलं कुटं? दारच न्हाय तितं."

"मग पोरीला सांगायचं नाही?"

गुरम्मानं पदर सावरला. एवढ्या शिकलेल्या माणसानं हे विचारावं याचं तिला नवल वाटलं असावं.

"त्यात काय सांगायचं, सायेब? सरकारी बांधकाम हाय, असं ती म्हणाली व्हती. मला वाटलं, आदी उद्घाटन करत्यात आन् दार दुसऱ्या टप्प्यात बसवत्यात."

 मॅडमनी खिडकीवरची नजर काढली. वीरभद्रप्पा सरांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, पुन्हा लावला आणि त्या सलग भिंतीकडं जुनी ओळख पटल्यासारखं पाहिलं. मग गुणपत्रिका पुढं ओढून त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :

'उत्तीर्ण. विद्यार्थिनीला प्रत्यक्ष कामाची उत्तम जाण आहे.'