दोन मिनिटांसाठी

तीन दिवस आभाळ गच्च भरलेलं होतं आणि दवाखान्याच्या छपरावरचं सोलर नुसतं शोभेला उरलं होतं. सकाळी बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि माझा जीव टांगणीला लागला. लसींचा फ्रीज त्याच बॅटरीवर, उद्या चाळीस बाळांना लस टोचायची आणि इथे नर्स मी एकटीच. मेकॅनिकला फोन लावून लावून माझा मोबाइलच बंद पडला. बोर्डावर प्लगची जागा एकच. फ्रीजची पिन काढली आणि तिथे दोन मिनिटांसाठी चार्जर लावला. मोबाइल सुरू होतोय तोच त्याचा फोन आला, "निघालोय, सिस्टर."

मग कुठला धीर निघायला! मोबाइल तिथेच टाकून दारात गेले. रस्ता बघायचा, बाकावर टेकायचं, पुन्हा उठून रस्ता बघायचा. दहाच्या सुमाराला लख्ख ऊन पडलं, तर उन्हावरच डाफरले, "आता सुचलं होय तुला?"

मेकॅनिक उगवला चार वाजता. छपरावर चढून पॅनेल पुसून आला, बॅटरीला मीटर लावलं आणि हसायलाच लागला.

"उगाच घाबरवलंत, सिस्टर! बॅटरी फुल्ल आहे. जणू आज दिवसभर कुणी वीज वापरलीच नाही."

मी बोर्डाकडे पाहिलं. माझा मोबाइल अजून तिथेच होता. तोही फुल्ल झाला होता.