सोमवारी येते

या, जवळ बसा. माझ्याच लाजेची गोष्ट सांगते.

नर्स होऊन वर्षही झालं नव्हतं. गावच्या कीर्तनात टाळ धरणाऱ्या केरबाआबांच्या मधुमेहानं चिघळलेल्या पायाला ड्रेसिंग करताना मी म्हणाले होते, "जखम भरल्याशिवाय गाव सोडणार नाही." पुण्याच्या हॉस्पिटलनं नव्या नोकरीवर रुजू व्हायला महिन्याची मुदत दिली होती, मला आठवडाही धीर धरवला नाही. आबांना मात्र पुढच्या ड्रेसिंगसाठी खोटंच सांगितलं, "सोमवारी येते."

रविवारी सकाळी मी पुण्याला निघाले, ते कुणाकडून तरी कळून आबा लंगडत एसटीच्या थांब्यावर आले, पाय पुढे केला. "सोमवारची वाट कशाला बघू? तू बांधायचीस ते बघून ठेवलं हुतं, माझी मी पट्टी बांधली. आता बिनघोर जा, पोरी!"

पट्टी सैल होती. मला दिसली. तरी एसटी आली तशी मी चढले.

कीर्तनात टाळ वाजेल तेव्हा माझ्या केरबाआबांना आठवा.