पाहुण्याचं नाव

भाजलेलं मांस पाहुण्याच्या ताटात वाढून ती सुरी पुसत उभी राहिली. दारी आलेला माणूस पोटभर जेवल्याशिवाय त्याला नाव-गाव विचारायचं नाही, हा ग्रीकांचा रिवाज. याचा अर्धा चेहरा तलवारीच्या घावाने फाटलेला, एक डोळा गेलेला, दाढी पांढरीफटक.

"ट्रॉयच्या युद्धातून येतोय," दोन घास गिळून तो म्हणाला. "तुमच्या नवऱ्याला ओळखत होतो."

तिचा हात थांबला. "कसे आहेत?"

"मेला. मीच मारला, झोपेत गळा चिरून." उठून त्याने तिचं मनगट आवळलं. "आता हे घर माझं. आणि तूसुद्धा."

ती रडली नाही. दुसऱ्या हातातली सुरी तिने मुठीपर्यंत त्याच्या पोटात खुपसली, उपसली आणि पुन्हा खुपसली. तो चुलीपाशी कोसळला. रक्त राखेत पसरत गेलं, आणि त्याच्या फाटक्या तोंडावर चक्क हसू उमटलं.

"खात्री करायची होती," तो पुटपुटला. "माझीच राहिलीस की गं, मधमाशी."

मधमाशी म्हणून तिला जगात एकच माणूस हाक मारायचा.

ताटात अर्धं मांस तसंच होतं. नाव विचारायची वेळ आलीच नव्हती. तिने त्याची दाढी मुठीत धरून ते जड झालेलं डोकं गदागदा हलवलं.

"दहा वर्षं वाट पाहिली मी!" ती किंचाळली. "तेवढी खात्री पुरली नाही तुम्हाला?"